कावेरीकाठचा झ

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, नैऋत्येच्या बाजूला, उन्हात तापलेल्या दगडी भिंतीवर एक लांबलचक मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ साली कोरवून घेतला आणि भोसले घराण्याचा इतिहास त्यात नोंदवून ठेवला. बारा वर्षांपूर्वी मी त्या भिंतीपुढे पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा आजूबाजूला सगळे बोलणे तमिळ होते, पाट्या तमिळ होत्या, गाभाऱ्याकडून येणारे मंत्रसुद्धा वेगळ्या हेलातले होते, आणि त्या सगळ्यात अचानक आपली भाषा दगडावर दिसली. मी हवेत बोट फिरवत, अडखळत, ओळीमागून ओळ लावत गेले. छाती भरून आली. घरापासून इतक्या दूर आपले कुणीतरी राज्य करून गेले, त्यांनी नृत्याला आणि गाण्याला आश्रय दिला, म्हणजे इथले हे सगळे वैभव थोडेसे माझेही आहे, अशा भावनेने मी त्या दिवशी मंदिराबाहेर पडले.

त्याच संध्याकाळी, आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात नृत्याचा कार्यक्रम होता. पोहण्याच्या तलावाशेजारी लाकडी मंच घातला होता, संगीत ध्वनिमुद्रित होते, आणि पंचवीस मिनिटांत सुरुवातीचा अलारिप्पू, एक अभिनयाचे पद आणि शेवटचा तिल्लाना उरकण्यात आला. वर्णम्, जो भरतनाट्यमचा कणा आहे आणि एकटाच अर्धा-पाऊण तास घेतो, त्याला तिथे जागाच नव्हती. नाचणाऱ्या दोन्ही मुली मात्र उत्तम तयारीच्या होत्या. त्यांची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसल्यासारखी ती मूळ ढब, शेवटपर्यंत ढळली नाही, आणि पदामध्ये एकीने नुसती मान वळवून रुसवा दाखवला तेव्हा माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. नेमक्या त्याच क्षणी मंचासमोरून पेल्यांचा ट्रे गेला. मुलीने नजर हलवली नाही, पण तो क्षण मोडला तो मोडलाच. कार्यक्रम संपल्यावर मी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि भरतनाट्यम पाहिले या समाधानात झोपले. त्या संध्याकाळी तिथे जे काही मांडले होते ते माझ्या जेवणाच्या वेळेत आणि माझ्या सहनशक्तीत बसेल एवढेच होते, हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

गेल्या वैशाखात मी पुन्हा तंजावरला गेले, ती एका मैत्रिणीबरोबर. ती तंजावरच्या मराठी घरातली आहे, आता चेन्नईला राहते. घरात अजून मराठी बोलतात, पण त्या मराठीचे वळण तमिळ आहे आणि वाचन-लेखन पूर्णपणे तमिळ. मी तिला उत्साहाने शिलालेखापाशी नेले, आणि तिने तो लहानपणापासून पाहिलेला असल्यामुळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुम्ही दर वेळी हीच भिंत बघता. या देवळात दुसऱ्याही भिंती आहेत."

त्या दुसऱ्या भिंतींवर राजराज चोळाचे लेख आहेत. मंदिर पुरे झाले ते १०१० साली, म्हणजे सरफोजीराजांच्या लेखाच्या सुमारे आठशे वर्षे आधी. त्यांपैकी एका लेखात चारशे नर्तकींची नोंद आहे. वेगवेगळ्या गावांच्या मंदिरांतून त्यांना इथे आणले, रस्त्याच्या दुतर्फा ओळीने घरे दिली, आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (कलम हे धान्याचे जुने माप) भाताचा वाटा ठरवून दिला. लेखात नुसता आकडा नाही. प्रत्येकीचे नाव आहे, ती कोणत्या देवळातून आली ते आहे, कोणत्या ओळीत कितवे घर तेही आहे. ती अक्षरे मला वाचता येत नव्हती. मैत्रिणीलाही ती जुनी लिपी येत नव्हती. पण अभ्यासकांनी ती वाचून छापली आहेत आणि तिने ती पुस्तकातून ओळखीची करून घेतली होती. घराण्याची वंशावळ दगडावर कोरणारे राजे मला माहीत होते. नाचणाऱ्या बायकांची नावे पत्त्यासह दगडावर कोरणारा राजा मी पहिल्यांदाच पाहत होते. विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराच्या आत, वरच्या मजल्यावरच्या बोळात नाट्यशास्त्रातली ‘करणे’, म्हणजे नृत्याच्या मूळ हालचाली, कोरलेली आहेत. ती १०८ व्हायची होती, ८१ झाली, आणि उरलेल्या जागा दगड तासून तशाच मोकळ्या राहिल्या. तिथे सहसा कुणाला सोडत नाहीत, आम्हालाही सोडले नाही.

मराठी राजांचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही, आणि तो सांगताना मला आजही आनंद होतो. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले तेव्हापासून १८५५पर्यंत ही गादी चालली. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे स्वतः नाटके रचत, तीही बहुतांशी तेलुगूत. त्यांच्या एका नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एका मंचावर नांदतात. तुळजाराजांनी संगीतावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली: जयजय, शरणु, अलारु यांपासून शब्द, वर्ण, पद, तिल्लाना आणि शेवटी मंगलापर्यंत अठरा भागांत एकच कथा उलगडत न्यायची, अशी त्यांची बांधणी आहे. कुरवंजी हा दक्षिणेतला नृत्यनाट्याचा प्रकार, ज्यात भविष्य सांगणारी कुरव स्त्री नायिकेचा हात पाहते. सरफोजीराजांनी त्यात मराठीतून चक्क जगाचा भूगोल गोवला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ त्यांच्याच दरबारातले, आणि आज आपण भरतनाट्यमचा जो क्रम पाहतो, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, तो या चौघांनी लावलेला आहे. पुढे १८८० साली तंजावरची राजकन्या बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या घरात गेली, तेव्हा तिच्याबरोबर नर्तकींचा आणि वादकांचा ताफाही गेला. एका मराठी दरबारातून दुसऱ्या मराठी दरबारात भरतनाट्यम असे आंदणातून पोहोचले.

हे सारे मी सरस्वती महाल ग्रंथालयाच्या आवारात बसून मैत्रिणीला ऐकवत होते. तिने विचारले, "ती मराठी निरूपणे आज कोण नाचतो?" ग्रंथालयाने ती छापून काढली आहेत आणि मोजक्या नर्तकांनी ती मंचावर आणण्याचे कष्ट घेतले आहेत, एवढे मी सांगू शकले. पण पुण्या-मुंबईत भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींची गणती नाही, आणि त्यांच्यापैकी एकीलाही मी मराठी वर्णम् करताना पाहिलेले नाही. आपल्या राजांनी आपल्या भाषेत रचलेले नृत्य आपण नाचत नाही, आणि तरी त्याचा अभिमान मात्र आपण बाळगतो, हे त्या आवारात मला पहिल्यांदा बोचले.

नृसिंह जयंतीच्या रात्री आम्ही मेलट्टूरला गेलो. तंजावरपासून अठरा-वीस किलोमीटरवरचे हे लहानसे गाव, कावेरीच्या खोऱ्यातले, भातशेतीने वेढलेले. इथे वर्षातून एकदा भागवतमेळा होतो. मेलट्टूरच्या वेंकटराम शास्त्र्यांनी, जे संगीतकार त्यागराजांच्या काळातले, रचलेली तेलुगू नाटके गावातले पुरुष गाऊन, नाचून, बोलून रात्रभर करतात, आणि त्यांत मुख्य असते ते प्रल्हादाचे. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. भूमिका बापाकडून मुलाकडे येते. तंजावरच्या नायक राजांची भाषा तेलुगू होती, अच्युतप्पा नायकाने मेलट्टूरसारखी गावे ब्राह्मण कुटुंबांना दान दिली, त्यानंतर आलेल्या मराठी राजांनी तेलुगू दरबारी भाषा म्हणून चालू ठेवली; आणि आता त्या भूमीत राजे नाहीत, बाजारात तेलुगू नाही, पण वैशाखातली ती एक रात्र आहे.

वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोरच्या रस्त्यावर मांडव होता. माणसे घरून चटया घेऊन आली होती, कुणी हातात ताडपत्राचे पंखे, कुणाच्या कुशीत झोपलेली मुले. उकाडा एवढा की मृदंगाच्या शाईवरसुद्धा घाम दिसेल असे वाटत होते. आम्ही दाटीवाटीने खाली बसलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की नट आमच्याकडे पाहतच नाहीत. त्यांची नजर आमच्या डोक्यांवरून पलीकडे जात होती. मी वळून पाहिले, तर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मंचाच्या बरोबर समोर, नृसिंहाची उत्सवमूर्ती आणून बसवलेली होती. नाटक त्याच्यासाठी चालले होते. आम्ही मध्ये बसलो होतो, एवढेच. हॉटेलातल्या त्या संध्याकाळची मला तेव्हा आठवण झाली, आणि कुणाच्याही लेखी मी पाहुणी नाही याचा मला विलक्षण मोकळेपणा वाटला.

सुरुवातीला उंच टोपी घातलेला कोणंगी, म्हणजे विदूषक, आला, उड्या मारत, हसवत. त्याच्यामागून गणपती आला: हत्तीचा मुखवटा चढवलेला एक लहान मुलगा, ज्याला मुखवट्याच्या ओझ्याने मान सावरणे जड जात होते. आणि माझ्या पोटात एकदम कालवाकालव झाली, कारण हे सगळे मी पाहिलेले होते. माझे आजोळ कुडाळजवळचे. तिथल्या जत्रेत मध्यरात्रीनंतर दशावताराला, आमच्या भाषेत धयकाल्याला, सुरुवात होते तीही गणपतीच्या प्रवेशाने, आणि तिथेही संकासुर येऊन हसवून जातो. तिथेही बायका होऊन उभे राहतात ते पुरुषच, आणि तिथेही उजाडताना संपते. कुठून कुठे काय गेले याच्या वादात मी शिरणार नाही. मी आजीच्या मांडीवर डोके ठेवून पेंगत पाहिलेले ते सारे मेलट्टूरच्या रस्त्यावर जागेपणी पुन्हा पाहिले, एवढेच मला खात्रीने सांगता येते.

लीलावतीचा, म्हणजे प्रल्हादाच्या आईचा, प्रवेश होईपर्यंत मध्यरात्र उलटली होती. दोन माणसांनी पडदा धरला, पडद्याखालून फक्त पावले दिसत होती, मेंदी लावल्यासारखी रंगवलेली, पण रुंद, टाचांना भेगा असलेली, पुरुषाची पावले. नट्टुवनाराच्या, म्हणजे ताल धरणाऱ्या गुरूच्या, झांजा सुरू झाल्या आणि ती पावले हलली. पडदा दूर झाला तेव्हा समोर साधारण पन्नाशीचे गृहस्थ उभे होते, नऊवारीसारखे काठापदराचे लुगडे, वेणी, नथ. पहिल्या दोन आवर्तनांत मला ते गृहस्थ दिसले. त्यानंतर कधी ते दिसेनासे झाले ते मला कळले नाही. मुलाला विष द्यायला सांगितलेली आई त्यांनी उभी केली. हातातला पेला ओठांपाशी न्यावा की न न्यावा या एका घालमेलीत त्यांनी एकच ओळ आठ-दहा वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवली, आणि तेलुगूचे अक्षर न कळणारी मी रडत होते. माझ्या शेजारची म्हातारी बाई प्रत्येक ओळ ओठांत म्हणत होती. तिलाही तेलुगू बोलता येत नाही, असे मैत्रिणीने नंतर तिला विचारून सांगितले.

पहाटेच्या सुमारास खांबातून नृसिंह प्रकटला. त्याचा मुखवटा एरवी देवळात पूजेत असतो, आणि तो चढवणारा नट दिवसभर उपवास करतो. मुखवटा चढल्यावर त्या माणसाच्या अंगात असे काही शिरले की तीन-चार जण कंबर आणि दंड धरून त्याला आवरत होते. लोक उभे राहिले, हात जोडले गेले, कापूर पेटला. मीही उभी राहिले. माझ्यासारख्या विचारपूर्वक देवळात जाणाऱ्या बाईचे हात कधी जोडले गेले, ते मला आठवत नाही.

सकाळी गावातल्या एका ओट्यावर कॉफी पिताना लीलावती भेटली. म्हणजे ते गृहस्थ: साधा शर्ट, वेष्टी, आणि कितीही धुतले तरी न गेलेली काजळाची रेघ. ते चेन्नईला नोकरी करतात आणि या दिवसांसाठी दरवर्षी रजा शिल्लक ठेवतात. मैत्रिणीच्या मदतीने मी विचारले, तेलुगू येते का? ते म्हणाले, "या नाटकातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ वडिलांनी बसवून सांगितला आहे. त्यापलीकडे नाही. हैदराबादला गेलो तर पाणी मागायला मला इंग्रजी लागते." त्यांच्या वडिलांनी ती भूमिका केली, त्याआधी आजोबांनी. तेलुगू आमची नाही, असे काही त्यांच्या मनातही आले नव्हते. माझा प्रश्नच त्यांना नीटसा कळला नसावा.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती आणि मैत्रिणीच्या ओळखीतल्या एका घरी, कुंभकोणमच्या वाटेवर, भजन होते. या भागातल्या भजनाचा क्रम ठरलेला असतो: आधी तोडयमंगलम्, मग गुरूंची कीर्तने, जयदेवाच्या अष्टपद्या, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदास, पुरंदरदास, आणि त्यांच्याबरोबर आपले अभंग. मराठी कीर्तनकार तंजावरला येत राहिले, मोरगावकर रामचंद्रबुवांसारख्यांनी इथे कीर्तने केली, ती ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतारांनी तमिळ हरिकथेला आकार दिला, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे शब्द तमिळ कीर्तनकारांच्या तोंडी बसले. हे मी वाचलेले होते. पण माजघरात मध्यभागी समई ठेवून तिच्याभोवती फेर धरलेली वीस-पंचवीस तमिळ माणसे तुकोबांचा अभंग गातात, टाळ आपल्यापेक्षा थोडा जलद, मध्येच सूर कर्नाटकी गमकाने हेलकावतो, आणि "विठ्ठल" म्हणताना सगळ्यांचे डोळे मिटतात, हे वाचून कळण्यासारखे नव्हते.

भजन चालवणारे मामा सत्तरी ओलांडलेले होते. मी महाराष्ट्रातून आले असे कळल्यावर फराळाच्या वेळी त्यांनी मला जवळ बसवून घेतले आणि आपली वही दाखवली. वही त्यांच्या वडिलांची. कडा तेलाने पिवळ्या पडलेल्या, पाने मध्ये दोऱ्याने शिवलेली, आणि त्यांत शंभरावर अभंग तमिळ लिपीत लिहिलेले. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर, त, थ, द, ध यांनाही एकच. म्हणून त्यांच्या वडिलांनी प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे घातले होते: दोन म्हणजे थ, तीन म्हणजे द, चार म्हणजे ध. प्रत्येक ओळीवर त्या आकड्यांची मुंग्यांसारखी रांग होती. ज्या भाषेत ते कधी एक वाक्य बोलले नाहीत, त्या भाषेतला एकही भ पुसट होऊ नये म्हणून कुणीतरी रात्री बसून हे केले होते. मी बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. तंजावरच्या भिंतीवर जे वाचताना छाती भरून आली होती, त्यापेक्षा हे लेखन मला फार मोठे वाटले.

मामांनी एक अभंग काढला आणि म्हणाले, "चुकत असेल तर सांगा. वडील गेल्यापासून विचारायला कुणी नाही." त्यांनी तो सावकाश म्हणून दाखवला. चूक अशी नव्हतीच. फक्त "माझे" या शब्दातला झ ते "माझी" या शब्दातल्या झसारखा, टाळूला जीभ लावून म्हणत होते. मी सांगू की नको, अशा विचारात पडले. पण त्यांनी मनापासून विचारले होते, म्हणून सांगितले. दोन्ही झ म्हणून दाखवले. त्यांनी कान पुढे केला, ओठ हलवून पाहिले, पुन्हा म्हणायला लावले. मग विचारले, तुमच्या लिपीत या दोघांची अक्षरे वेगळी आहेत का? मला नाही म्हणावे लागले. आम्हीही दोन्ही झ एकाच अक्षराने लिहितो आणि ऐकून ऐकून ओळखतो. ते यावर खूप खूश झाले. नातवाकडून त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि वहीतल्या त्या अक्षरावर, वडिलांच्या शाईच्या आकड्याशेजारी, एक लहानसा ठिपका दिला.

जेवणे आटोपल्यावर निरोपाचा म्हणून मामांनी तोच अभंग पुन्हा धरला. सगळे टाळ घेऊन उभे राहिले, समईची वात सारली गेली, आणि मी त्या शब्दाची वाट पाहत उभी राहिले. तो आला तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिले, हसले, आणि "माझे" तसेच म्हटले, जसे त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. सगळ्यांनी ते त्यांच्यामागून तसेच म्हटले. दुसऱ्या कडव्याला मीही तसेच म्हटले.